निजाम सर्किटातला प्रेक्षक

सतरा सप्टेंबरला जालन्यात, मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणेच, सकाळी ध्वजवंदन होते. १९४८ साली त्या दिवशी हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करली आणि निजामाची राजवट संपली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतले तालुके वेगळे काढून जालना जिल्हा अस्तित्वात आला. शालेय इतिहासात निजामाचा धडा येथे संपतो. चित्रपटाच्या धंद्यात मात्र तो संपला नाही. संस्थान गेले, सीमा पुन्हा आखल्या गेल्या, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. पण चित्रपट-वितरणाच्या परिभाषेत जालना ज्या विभागात मोडते, त्या विभागाचे नाव ‘निजाम’ हेच राहिले.

हे नाव ज्यांच्या कानावरून गेले नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करायला हवा. चित्रपटाचे प्रदर्शन-हक्क परंपरेने संपूर्ण देशासाठी एकदम विकले जात नसत. ते विभागवार विकले जात. या विभागांना धंद्यात ‘सर्किट’ किंवा ‘टेरिटरी’ म्हणतात. मुंबई, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात हे मुंबई सर्किटात. विदर्भ आणि खानदेश ‘सी. पी.–बेरार’मध्ये, भुसावळ आणि अमरावती ही त्या सर्किटाची वितरणाची गावे. आणि मराठवाडा, तेलंगण व बिदर-गुलबर्गा-रायचूर हे कन्नड जिल्हे मिळून ‘निजाम’. म्हणजे मराठी भाषकांचा प्रदेश राजकीयदृष्ट्या १९६० साली एक झाला, त्यासाठी माणसांनी रक्त सांडले. पण चित्रपटाच्या नकाशावर तो तीन तुकड्यांतच राहिला, आणि त्यातल्या दोन तुकड्यांची नावे तर अस्तित्वात नसलेल्या राज्यांची होती. या गोष्टीचा मराठी चित्रपटाच्या इतिहासाशी काही संबंध आहे, असे आपल्या चित्रपट-लेखनात सहसा कोणी मानलेले दिसत नाही.

ते लेखन कमी आहे असे नाही. बापू वाटवे यांचे ‘एक होती प्रभातनगरी’, इसाक मुजावर यांची अनेक पुस्तके, व्ही. शांताराम यांचे ‘शांतारामा’, दादा कोंडके यांचे ‘एकटा जीव’ – यांवर आपल्या दोन-तीन पिढ्यांची चित्रपटविषयक समज पोसली गेली आहे. परंतु हे सारे लेखन स्टुडिओच्या आतून झालेले आहे. कॅमेरा कोठून आणला, सेट कसा उभारला, भागीदारांत कोठे बिनसले, हे त्यात तपशिलाने येते. पडद्यासमोर बसलेला माणूस येतो तो ‘मायबाप प्रेक्षक’ म्हणून. म्हणजे नमस्कार करण्यापुरता. तो कोणत्या गावचा होता, कोणत्या दरवाजातून आत आला, त्याच्या गावी तो चित्रपट मुळात पोहोचला का, हे प्रश्न त्याला विचारले जात नाहीत. आणि मग १९८०नंतरच्या प्रत्येक परिसंवादात एक वाक्य हमखास येते: मराठी प्रेक्षकाने मराठी चित्रपटाकडे पाठ फिरवली. हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला आता पुरावा लागत नाही. जालन्यापुरते तरी ते उलटे करून पाहावे असे मला वाटते. येथे पाठ नेमकी कोणी कोणाकडे फिरवली?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच विचारला गेला होता, आणि ते उदाहरण आपल्या कामाचे आहे. १९४६ साली ब्रिटनमध्ये वर्षभरात १६३ कोटी ५० लाख तिकिटे विकली गेली. हा तेथला उच्चांक. त्यानंतर घसरण सुरू झाली ती १९८४ साली ५ कोटी ४० लाखांवर येऊन थांबली. दूरचित्रवाणीने चित्रपट मारला, हे याचे सर्वमान्य स्पष्टीकरण. परंतु जॉन स्प्राओस या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली ‘द डिक्लाइन ऑफ द सिनेमा’ या छोट्या पुस्तकात एक निराळा मुद्दा मांडला. एक चित्रगृह बंद पडले म्हणजे त्याचा सगळा प्रेक्षक पुढच्या गल्लीतल्या चित्रगृहात जात नाही. त्यातला बराचसा प्रेक्षक चित्रपटालाच कायमचा मुकतो. म्हणजे प्रेक्षक घटला म्हणून चित्रगृह बंद पडते हे जितके खरे, तितकेच चित्रगृह बंद पडले म्हणून प्रेक्षक घटतो हेही खरे. १९८५ साली मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या शहरात ‘द पॉइंट’ हे दहा पडद्यांचे चित्रगृह उघडले आणि तेथून आकडे पुन्हा चढू लागले. २०१८ साली ते १७ कोटी ७० लाखांपर्यंत गेले. दूरचित्रवाणी तेव्हाही घरात होतीच. अर्थात १९४६च्या तुलनेत हा आकडा एक नवमांशच आहे, आणि नव्या बहुपडदा चित्रगृहात जाणारा माणूस गिरणी कामगारांच्या वस्तीतला जुना माणूस नव्हता. ‘प्रेक्षक परत आला’ असे म्हणताना कोणता प्रेक्षक, हे विचारावेच लागते.

त्या जुन्या माणसाची नोंद मात्र तेथे झालेली आहे. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेने १९३८ साली बोल्टन या गिरणगावातल्या तीन चित्रगृहांच्या प्रेक्षकांना प्रश्नावल्या वाटल्या आणि त्यांची उत्तरे जपून ठेवली. त्या कागदांवर पुढे, १९८७ साली, पुस्तक निघाले. ॲनेट कून यांनी १९३०च्या दशकात तरुण असलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या आठवणींतल्या चित्रपटावर २००२ साली ग्रंथ लिहिला. आपल्याकडे लोकसाहित्याचे संकलन करणाऱ्यांनी ओव्या जमवल्या, उखाणे जमवले. तंबूतला सिनेमा पाहणाऱ्या बाईची आठवण जमवायची राहिली.

ब्रिटनचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करायला हवा. मराठी माणसाच्या चित्रपटाची सुरुवातच लंडनच्या वारीने झाली. १९१२ साली दादासाहेब फाळके तेथे गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत तंत्र पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. गंमत अशी की पुढल्या पंधरा वर्षांत ब्रिटिश चित्रपटालाच संरक्षणाची गरज भासू लागली. अमेरिकी चित्रपटांनी ब्रिटिश पडदे व्यापले तेव्हा १९२७ साली तेथल्या पार्लमेंटने कायदा करून चित्रगृहांवर ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा बंधनकारक केला. त्यातून उद्योग टिकला हे खरे. पण वाटा भरण्यासाठी घाईघाईने, स्वस्तात काढलेले ‘कोटा क्विकी’ नावाचे चित्रपटही त्यातूनच आले. बोल्टनचा कामगार तरीही अमेरिकी चित्रपटच अधिक पसंत करीत होता. कायद्याने पडदा मिळवून दिला, माणसाची आवड त्याला बदलता आली नाही.

हेच संरक्षण साम्राज्यभर लागू व्हावे अशी ब्रिटिश उद्योगाची इच्छा होती. त्यासाठी हिंदुस्थानात १९२७ साली दिवाण बहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने ३५३ साक्षीदार तपासले. त्यांत फाळकेही होते. समितीने साम्राज्यातल्या चित्रपटांना झुकते माप देण्याची कल्पना फेटाळली आणि हिंदी सदस्यांनी देशी चित्रपटांच्याच पाठीशी उभे राहण्याची शिफारस केली. ब्रिटिश सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. सरकारने अहवाल बाजूला ठेवला तो ठेवलाच. आपल्या चित्रपट-प्रेक्षकाविषयी इतकी बारकाईची चौकशी त्या काळी दुसरी झाली नाही. परंतु तिचा भर होता तो ब्रिटिश हिंदुस्थानावर. निजामाच्या मुलखातला मराठी माणूस त्या साक्षींच्या खंडांत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही.

आणि निजामाच्या मुलखात चित्रपटाची स्थिती काय होती? धीरेन्द्रनाथ गांगुली या बंगाली दिग्दर्शकाने १९२२ साली हैदराबादेत ‘लोटस फिल्म कंपनी’ काढली होती. सम्राज्ञी रझियावरचा ‘रझिया बेगम’ हा चित्रपट त्यांनी आपल्या चित्रगृहात दाखवला, त्यातले मुसलमान राणी आणि हिंदू पुरुष यांचे प्रेम दरबाराला रुचले नाही, आणि गांगुलींना संस्थान सोडून जाण्याचा हुकूम झाला. ते कलकत्त्याला परतले, पुढे त्यांना फाळके पुरस्कार मिळाला. हैदराबादच्या मूकपटाची कथा मात्र तेथेच आटोपली. याच सुमारास कोल्हापुरात, दुसऱ्या एका संस्थानात, बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने उभी राहिली होती. १९२० साली ‘सैरंध्री’ आला, १९२९ साली तेथूनच प्रभात निघाली. दोन्ही मुलखांत मराठी बोलली जात होती. एका मुलखात राजा चित्रपटाच्या पाठीशी उभा राहिला, दुसऱ्यात त्याने चित्रपटकाराला हाकलले. मराठी चित्रपटाचे ‘गाव’ कोल्हापूर-साताऱ्याकडचे का, जालना-परभणीकडचे का नाही, याचे उत्तर प्रतिभेच्या वाटपात शोधण्याचे कारण नाही.

हैदराबाद राज्यात सभा भरवायची तर ‘गश्ती निशाण ५३’ आडवे येत असे. चार माणसे एकत्र येणे हीच संशयाची बाब होती. शाळा उर्दूची, कचेरी उर्दूची, उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. जालन्याचा माणूस घरात मराठी बोले, कोर्टात उर्दू ऐके, आणि कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे, जुन्या जालन्यात किंवा कादराबादेत, बाजार करताना दखनीत घासाघीस करी. ‘जालना, सोने का पालना’ ही या गावाची ओळख सांगणारी म्हण कोणत्या भाषेत आहे पाहा. आता प्रभातचे चित्रपट घ्या. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठीत आणि हिंदीत निघाला. ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला (१९३७), ‘माणूस’ हा ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ हा ‘पडोसी’ (१९४१). दोन आवृत्त्या काढण्यामागे एक गृहीत होते: मराठीचा प्रेक्षक वेगळा, हिंदीचा वेगळा. पुण्यात हे गृहीत चालून जाते. जालन्यात हे दोन प्रेक्षक एकाच माणसात बसलेले होते. त्याला दोन्ही आवृत्त्या सारख्याच कळणार; मग वितरक त्याच्यासाठी कोणती पेटी मागवील? ज्या आवृत्तीला हैदराबाद, वरंगळ आणि गुलबर्गा येथेही गिऱ्हाईक आहे, तीच. यात वितरकाला दोष देण्यासारखे काही नाही. हिशेब सरळ आहे, आणि तो १९४८नंतर बदलायलाही काही कारण घडले नाही.

मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण ‘मराठवाड्याच्या प्रेक्षकाला हिंदीचे वेड’ हे निदान आपण फार सहज करतो. आवड ही उपलब्धतेतून घडते. निजाम सर्किटातली बहुसंख्य चित्रगृहे तेलुगू आणि हिंदी चित्रपटांवर चालत. त्या सर्किटाचे हक्क घेणाऱ्याला मराठी चित्रपट म्हणजे टोकाच्या काही जिल्ह्यांपुरता चालणारा माल. मुंबई सर्किटात मराठी चित्रपट घरचा होता. येथे तो पाहुणा होता, आणि तोही मनमाडला गाडी बदलून येणारा. हे अक्षरशः खरे आहे. निजामाच्या काळात १९००च्या सुमारास टाकलेला मनमाड–सिकंदराबाद मार्ग मीटरगेजचा होता. मुंबईहून येणाऱ्या माणसाला आणि मालाला मनमाडला उतरून दुसऱ्या गाडीत चढावे लागे. रूळ रुंद झाले ते थेट १९९०च्या दशकात. आणि आजही जालन्याचे रेल्वे स्थानक मुंबईच्या मध्य रेल्वेत नाही. ते दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे सिकंदराबादच्या अखत्यारीत आहे. चित्रपटाचे सर्किट आणि रेल्वेचा विभाग, दोन्ही जुन्या राजधानीकडे तोंड करून बसलेले आहेत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे. आपण एखाद्या चित्रपटाची समीक्षा करतो तेव्हा सर्वांनी एकच चित्रपट पाहिला असे धरून चालतो. फिल्मच्या प्रिंटच्या काळात तसे नव्हते. प्रिंट महाग, म्हणून थोड्या काढल्या जात. त्या आधी मोठ्या शहरांत फिरत, मग ‘बी’ आणि ‘सी’ केंद्रांत येत; धंद्यात गावांची ही अशी प्रतवारीच होती. तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत प्रिंटवर ओरखडे उठलेले असत, तुटलेल्या जागा जोडताना फ्रेमा गेलेल्या असत, कधी गाणे, कधी एखादा प्रसंगच उडालेला असे. जत्रेतल्या तंबूत ती प्रिंट पोहोचली म्हणजे तिचे आयुष्य संपत आलेले असे. तेथे काही ठिकाणी पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. मागच्या बाजूच्यांना अक्षरे उलटी दिसत, पण ज्याला अक्षरओळखच नाही त्याला त्याचे काय? हस्तलिखितांच्या पाठभेदांवर आपण प्रबंध लिहितो. चित्रपटाचेही असे पाठभेद होते, आणि जालन्यासारख्या गावाने बहुतांशी हे त्रुटित पाठच वाचले. हा तंबूंचा व्यवहार मावळत असताना शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजच्या मागे काही वर्षे हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. चित्रपट-विद्यार्थ्याने तो एकदा तरी पाहावाच.

स्वातंत्र्यानंतरचा मराठी चित्रपट ग्रामीण झाला, असे आपण म्हणतो. कोणते ग्राम? ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला आणि तमाशापटांची वाट प्रशस्त झाली. त्या चित्रपटांतला पाटील, वाडा, फड, उसाचा मळा, बोलीतला हेल, हे सारे कृष्णा-पंचगंगेच्या काठचे. ज्वारी-कापसाच्या कोरडवाहू मुलखातल्या माणसाला ते ‘आपले’ म्हणून दाखवले जात होते. ‘कामून’ म्हणणाऱ्या माणसाची बोली मराठी पडद्यावर ठळकपणे आली ती थेट या शतकात, मराठवाड्यातून आलेल्या मकरंद अनासपुरे यांच्या तोंडून. औरंगाबादच्या नाट्यचळवळीतून पुढे आलेल्या चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘कायद्याचं बोला’मध्ये (२००५) ती कोर्टात उभी राहिली. पण लवकरच ती हमखास हशा मिळवण्याचे साधन बनली. आपली भाषा पडद्यावर आली याचा आनंद आणि ती येताच लोक हसू लागले याची चुटपुट, या दोन्हींचा अनुभव आमच्याकडच्या प्रेक्षकाने एकाच वेळी घेतला आहे.

शासनाने काही केले नाही असे नाही. १९७०च्या दशकात करपरतावा योजना आली. मराठी चित्रपटाने भरलेला करमणूक कर निर्मात्याला पुढील चित्रपटासाठी परत मिळू लागला. दादा कोंडके यांच्या यशाचा काळही हाच. पुढे करमाफी आली, अनुदान आले, चित्रगृहांवर वर्षातले काही आठवडे मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन आले. एप्रिल २०१५मध्ये बहुपडदा चित्रगृहांनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावा असा आदेश निघाला, त्यावर वाद झाला, आणि मग ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. १ जुलै २०१७ रोजी करमणूक कर वस्तू व सेवा करात विरून गेला, तेव्हा करमाफीचे शस्त्रही बोथट झाले. या साऱ्या योजनांचे तोंड निर्मात्याकडे किंवा शहरातल्या पडद्याकडे आहे. १९२७च्या ब्रिटिश कायद्याचेही तसेच होते. ज्या गावी पडदाच नाही तेथे वाटा कशातला मागायचा?

आणि पडदे कमी होत गेले. १९८०च्या दशकात व्हिडिओ पार्लर आले, मग छतावर तबकड्या आणि दारात केबलवाला. मराठवाड्यातल्या घराघरांत मराठी मनोरंजन नियमाने येऊ लागले ते याच मार्गाने. त्यातही इतिहासाची थट्टा पाहा: २००० साली सुरू झालेली ‘ई टीव्ही मराठी’ ही वाहिनी चालत असे हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. ज्या शहरातून गांगुलींना हाकलले गेले, त्याच शहरातून पाऊण शतकानंतर जालन्याच्या घरात मराठी मालिका आणि मराठी बातम्या येऊ लागल्या. कोल्हापूर आणि पुणे यांनी जे केले नाही ते जुन्या राजधानीने केले, असे कोणी म्हटले तर ते थोडे अतिशयोक्त होईल, पण अगदी खोटे होणार नाही.

‘श्वास’ला २००४ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी, आणि मराठी चित्रपटाचे पुनरुज्जीवन झाले असे आपण लिहू लागलो. त्या सुमारास राज्याने बहुपडदा चित्रगृहांना करमणूक करात काही वर्षांची सवलत दिली होती. नवा मराठी चित्रपट त्या चित्रगृहांत वाढला. मी त्या चित्रपटांना कमी लेखत नाही. त्यांतले कित्येक मला मनापासून आवडतात. परंतु ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या छायेतला चित्रपट परदेशी महोत्सवांत पाहिला गेला, शहरांत त्यावर चर्चा झाली, आणि ज्याची ती गोष्ट होती तो शेतकरी मात्र बहुतांशी त्या पडद्यापासून दूरच होता. साहित्यात हे नवीन नाही. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या वाचकाविषयी हाच प्रश्न आपण कितीदा विचारला आहे. पण पुस्तक निदान ग्रंथालयात पडून राहते. चित्रपट शुक्रवारी येतो आणि पुढच्या गुरुवारी जातो.

डिजिटल प्रक्षेपणाने ही जुनी प्रतवारी मोडली. २००५नंतर लहान गावांतल्या चित्रगृहांतही उपग्रहाद्वारे चित्रपट उतरू लागला. २०१४च्या आसपास फिल्मची प्रिंट जवळजवळ इतिहासजमा झाली. आता जालन्यात आणि मुंबईत एकच चित्रपट, एकाच दिवशी, एकाही ओरखड्याशिवाय दिसणे शक्य झाले. शंभर वर्षांत पहिल्यांदाच त्रुटित पाठाऐवजी पूर्ण पाठ मिळण्याची सोय झाली ती नेमकी एकपडदा चित्रगृहे एकामागून एक बंद पडत असताना. २०२० आणि २०२१च्या टाळेबंदीने उरलेल्यांचे कंबरडे मोडले. स्प्राओसचे म्हणणे येथे तंतोतंत लागू पडते: मंठ्याचा किंवा घनसावंगीचा प्रेक्षक चित्रपटासाठी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बहुपडदा चित्रगृहात जात नाही. तो मोबाइल उघडतो. माझ्या वर्गातल्या मुलांना थिएटरात पाहिलेला मराठी चित्रपट सांगा म्हटले की बहुतेक हात एकाच नावासाठी वर येतात, आणि दुसरे नाव विचारले की वर्ग शांत होतो.

ते नाव अर्थातच ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६ रोजी तो लागला, आणि साताऱ्याकडच्या रहिमतपूरसारख्या गावी मध्यरात्री व पहाटे खेळ लावावे लागले. प्रेक्षक संपला असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे होते. त्याआधी १९९१ साली ‘माहेरची साडी’ने हेच उत्तर दिले होते, तेव्हा खेडोपाडीच्या बायका ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून आल्या होत्या. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’च्या वेळी बायकांचे जथे पुन्हा दिसले. दर दहा-वीस वर्षांनी हा प्रेक्षक अंग झाडून उभा राहतो, आणि दर वेळी आपण चकित होतो. तो मधल्या काळात कोठे होता असे विचारण्याऐवजी, मधल्या काळात त्याच्यापर्यंत काय पोहोचत होते असे विचारले तर चकित होण्याचे कारण उरणार नाही.

‘सैराट’विषयी मला आणखी एक गोष्ट जाणवते, जी त्याच्यावरच्या विपुल लेखनात फारशी आलेली नाही. आर्ची आणि परश्या पळून जातात ते हैदराबादला. करमाळ्याकडच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी अंमलाखालच्या मुलखातल्या या दोघांना ते शहर पूर्ण परके आहे. भाषा कळत नाही, माणसे कळत नाहीत, आणि दिग्दर्शकाला उत्तरार्धात नेमका हा परकेपणाच हवा आहे. जालन्यात तो चित्रपट पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते शहर परके वाटले असेल का? त्याच्या वडिलांचे खटले तेथे चालत, त्याच्या गावचा हुशार मुलगा उस्मानियात शिकायला तेथेच जाई, आणि देवगिरी एक्स्प्रेस त्याच्या स्थानकावरून रोज त्याच दिशेने जाते. एकाच चित्रपटाचा उत्तरार्ध सोलापूर जिल्ह्यात एक आणि जालना जिल्ह्यात दुसरा, असे झाले असण्याची शक्यता मला दाट वाटते. पण हे अनुमान आहे. ते तपासायचे तर त्या म्हाताऱ्यालाच विचारायला हवे, आणि तो फार दिवस थांबणार नाही.

विचारण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला विद्यापीठाच्या अनुदानाची गरज नाही; पदव्युत्तर वर्गातल्या दहा मुलांना सुट्टीत हे काम देता येईल. प्रोजेक्टर चालवणारे, तिकीट फाडणारे, गावात रिक्षातून चित्रपटाची जाहिरात पुकारणारे, राजूरच्या किंवा अंबडच्या जत्रेत तंबू पाहिलेले, असे लोक अजून भेटतात. फिल्मची पेटी कोणत्या गाडीने येई, मनमाडहून की सिकंदराबादहून? मराठी चित्रपट वर्षातून किती वेळा लागे आणि किती दिवस टिके? कापूस विकला गेला की गर्दी वाढे का? १९७२च्या दुष्काळात चित्रगृह चालू होते का? बायका कोणत्या खेळाला येत, आणि कोणाबरोबर? मध्येच रीळ तुटले की लोक काय ओरडत, आणि कोणत्या भाषेत?